हाक मारणारा फोन

नवा फोन घेतला की माणूस आधी तो चारचौघांना दाखवतो आणि मग वापरायला शिकतो. विमा कचेरीतल्या आपल्या अधिकाऱ्याने तर कमालच केली. फोन घेतला आईसाठी आणि मिरवला कचेरीत!

कारणही तसंच होतं. मागच्या रविवारी मोठे साहेब घरी आले होते. आईच्या हातातला तडा गेलेला फोन पाहून ते गालात हसले. ते हसू याला आठवडाभर झोंबत राहिलं.

आईने तीस वर्षं बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी घशाच्या शस्त्रक्रियेत तिचा आवाज गेला. त्याआधी तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे मामाने, स्वतः एक ॲप बनवून तिच्या फोनमध्ये घातलं. मामाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. असल्या खटपटीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आईने त्यात आपल्या आवाजात वाक्यं भरून ठेवली. पडद्यावरच्या चौकटीवर बोट ठेवलं की फोन बोलायचा, "दूध आणलंस का?", "पंखा बारीक कर." आणि संध्याकाळी दार वाजलं की, "आले का आमचे ठोंबे?" पन्नाशीचा अधिकारी या हाकेवर रोज चिडायचा.

"बघ आई!" नवा फोन तिच्या हातात देत तो म्हणाला. "यात भलतंसलतं काही शिरूच शकत नाही. कंपनीचा कडक पहारा आहे."

आईने चौकटी शोधल्या. सापडल्या नाहीत. तिने जुन्या फोनसाठी हात पुढे केला.

"तो दुकानात दिला, बदल्यात. माझ्यासमोरच सगळं पुसून टाकलं त्यांनी. काळजी नको."

आईचा हात तसाच राहिला. मग तिने कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं, "त्यात मी होते."

"अगं, होईल सवय!" तो म्हणाला.

आई दोन दिवस जेवली नाही. तेव्हा तो कुरकुरत मामाच्या दुकानात गेला.

"मामा, तुमचं ते ॲप यावर चढवून द्या."

मामाने फोन पाहिला आणि परत केला. "कंपनीने मंजूर केलेलंच हा आत घेतो. घरी बनवलेलं दारातच अडवतो."

"म्हणजे फोन वाईट?"

"वाईट कशाला? ज्याला खटपट नको, फसव्यांची भीती आहे, त्याला झकास आहे. कुठलंही ॲप आत घेणाऱ्या उघड्या फोनला डोळ्यात तेल घालून जपावं लागतं. पण कुणाला काय हवं ते आधी विचारावं लागतं ना! ताईला विचारलंस?"

"तिला कुठे बोलता..." तो अडखळला.

"येत होतं!" मामा कडाडला. "परवापर्यंत बोलता येत होतं! तूच तिचं तोंड दुकानात देऊन आलास!"

अधिकाऱ्याने फोन खिशात कोंबला. तो धावत फोनच्या दुकानात गेला, हातापाया पडला. पण पुसलेलं परत येत नाही, असं तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं. मामाकडे सुरुवातीची चाळीस वाक्यं तेवढी साठवलेली होती. बाकीची आईने शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णालयातल्या खाटेवर बसून एकटीने भरली होती. ती गेली ती गेलीच.

आता आईकडे पुन्हा साधा, उघडा फोन आहे. त्यात चाळीस वाक्यं आहेत. 'ठोंबे' नाही. नवा फोन अधिकाऱ्याने कपाटात टाकला आणि त्यानंतर तो कुणाला दाखवला नाही.

वाचकहो, कंपनीच्या पहाऱ्यातला बंद फोन घ्या नाहीतर उघडा घ्या. दोन्हींचे फायदे-तोटे दुकानदार सांगेलच. पण तो ज्याच्या हातात जाणार आहे, त्याला आधी विचारा. आपली शान राखण्यासाठी घरच्यांच्या वतीने परस्पर निर्णय घेण्याची ही खोड आपण कधी सोडणार? आणि त्याला वर प्रेम म्हणायचं, याची लाज आपल्याला कधी वाटणार?

हल्ली संध्याकाळी दार वाजलं की आई चौकटींवरून बोट फिरवते, थांबते आणि त्यातल्या त्यात जवळचं वाक्य दाबते.

"दूध आणलंस का?"

घरात दूध असतं. तरी तो रोज घेऊन येतो.

"आणलं, आई," तो म्हणतो आणि दारातच उभा राहतो.