सुतकात वाजलेली घंटा

मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नव्हे हो, बोकडाच्या गळ्यातली. पण मित्रांनो, माझा तोरा देवळातल्या घंटेपेक्षा तसूभरही कमी नव्हता.

यानेना शहराच्या बाजारात एका कारागिराने मला पितळ ओतून घडवले. तिथे थिमिओस नावाचा धनगर आला आणि एकेक घंटा कानाशी धरून वाजवू लागला. कळपातल्या घंटांशी सूर जुळल्याशिवाय आमच्या पिंडस डोंगरातला धनगर नवी घंटा घेत नाही. माझा सूर जरा चढा निघाला. कारागिराने कपाळाला हात लावला, मला आतून थोडे तासले आणि मग कुठे स्वारीचे समाधान झाले. थिमिओसने मला म्होरक्या बोकडाच्या गळ्यात बांधले. वसंतात संत जॉर्जच्या सणाला डोंगरावर, थंडीच्या तोंडावर संत दिमित्रीच्या सणाला खाली मैदानात, असा सारा कळप माझ्यामागून चाले. युद्धात परक्या सैनिकांना चाहूल लागू नये म्हणून त्याने माझ्या पोटात लोकर कोंबली. मी गुदमरले, पण कळप वाचला.

थिमिओसमागे त्याचा मुलगा झिसिस धनी झाला. तो मला राखेने घासून लख्ख ठेवी. एका उन्हाळ्यात तो तापाने गेला. आमच्याकडे धनी गेला की कळपही सुतक पाळतो. झिसिसच्या आईने, म्हाताऱ्या वासिलोने, स्वतःच्या हाताने सगळ्या घंटा उतरवल्या. वर्षभर एकही वाजणार नव्हती.

सून अस्पासिया हळूच म्हणाली, "आई, म्होरक्याची तरी राहू द्या. धुक्यात कळप कसा सापडायचा?"

"माझं पोर मातीत आणि बोकड वाजत हिंडणार?" म्हातारीने मला खुंटीला अडकवले.

पुढे एका दुपारी कड्यावर दाट धुके उतरले. अस्पासिया कळप शोधायला गेली ती परतेना. वासिलो दारात उभी राहून हाका मारत राहिली. तिचा घसा बसला, तरी उत्तर आले नाही. मग ती आत आली. तिने मला खुंटीवरून काढले.

"लेकरा, रागावू नकोस," ती झिसिसच्या फोटोला म्हणाली. "आता मला तीच एक उरलीय."

दारात जाऊन तिने मला हलवले. मी जीव तोडून वाजले. आधी म्होरक्या आला, मागोमाग कळप आला, आणि शेवटच्या शेळीच्या पाठीवर हात ठेवून अस्पासिया आली.

"आई, तुम्ही वाजवलीत?"

"मग काय, बोकडाने?" म्हातारी खेकसली आणि तिने सुनेला घट्ट पोटाशी धरले.

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा म्होरक्याच्या गळ्यात होते. गावातल्या बायका कुजबुजल्या, पण वासिलोने त्यांना भीक घातली नाही.

मित्रांनो, आता माझ्या कडेला चीर गेली आहे. अस्पासिया अजून मला राखेने घासते. या माणसांचे उपकार मी कसे फेडू? तुमच्या घरी जुनी वस्तू असेल तर तिला जपा, पण गप्प बसवून ठेवू नका. त्या धुक्याच्या दुपारीनंतर काही वर्षांनी वासिलो गेली, तेव्हा अस्पासियाने रीतीप्रमाणे सगळ्या घंटा उतरवल्या. माझ्यापाशी आल्यावर मात्र तिने हात मागे घेतला. ते वर्षभर मुक्या कळपापुढे मी एकटीच वाजत चालले.