काळ्या डुकरिणीच्या पोटातले आम्ही

मी एक जुना जिवाणू आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. कोरियातल्या जेजू बेटावरच्या काळ्या डुकरिणींच्या आतड्यात माझं घराणं कितीतरी पिढ्या नांदलं. पिल्लं आईच्या विष्ठेत तोंड घालतात आणि आम्ही त्यांच्या पोटात राहायला जातो. तिथे आतड्याच्या भिंतीला बिलगून आम्ही तिला सारखं डिवचतो. त्यामुळे ती सावध राहते आणि विषाणू आला की लढते. सगळेच जिवाणू असे नसतात, हे मला कबूल आहे. काही घरभेदी विषाणूला हात धरून आत नेतात.

म्हाताऱ्या मालसुनची डुकरीण त्या वर्षी गाभण होती. आदल्या वर्षी जुलाबाच्या विषाणूने गावातली पिल्लं मारली होती, म्हणून मालसुनचा मुलगा ग्यूछल धास्तावला होता. त्याने डुकरिणीच्या खाण्यात जिवाणू मारायचं औषध मिसळलं. विषाणूचं त्याने काहीच बिघडत नाही, हे त्याला कोण सांगणार? फरशीही त्याने चुन्याने घासली. इथे बाळंतिणीच्या दारावर बांधतात तशी कोळसे खोवलेली गवती दोरी गोठ्याला बांधली. एकवीस दिवस परक्याने आत यायचं नाही.

"अरे, डुकरीण आहे की तुझी बायको?" मालसुन म्हणाली. "एवढी बडदास्त माझ्या बाळंतपणात कुणी ठेवली नव्हती!"

"हस तू, आई. यंदा एकही पिल्लू जाऊ देणार नाही मी."

डुकरिणीच्या पोटात मात्र आमचा संहार चालला होता. मी आधीच बाहेर पडलो होतो, म्हणून वाचलो. दगडी डोणीमागे, जिथे ग्यूछलचा ब्रश पोहोचला नाही, तिथल्या वाळक्या विष्ठेत मी कवच पांघरून पडून होतो.

आठ पिल्लं झाली. चौथ्या दिवशी ग्यूछल चुलत्याकडे श्राद्धाला गेला. तिथली डुकरं आजारी होती. परतल्यावर तो त्याच बुटांनी दोरीखालून आत आला. दोरी परक्यांसाठी होती आणि तो तर घरचाच होता.

दोन दिवसांत पाच पिल्लं गेली. दोन निपचित पडली होती. ग्यूछल त्यांच्याजवळ बसला.

"हे बारकं तेवढं हुंदडतंय," मालसुन म्हणाली. "सारखं डोणीमागे काय करतं रे ते?"

"घाण खातं. तेवढी धुवायची राहिली."

"धुवू नकोस. ही दोघंही तिथेच ठेव."

"वेड लागलंय का तुला?"

"ठेव म्हणते ना!"

त्याने ठेवली. मी माझ्या परीने शर्थ केली, मित्रांनो. एक उठलं. दुसऱ्यासाठी फार उशीर झाला होता.

औषध माझा शत्रू नाही. गरज असेल तिथे ते जीव वाचवतं. पण नुसत्या भीतीपोटी आम्हाला हुसकावू नका. ग्यूछलची माया कमी होती असं कोण म्हणेल? सुचेल ते सारं त्याने केलं. संत्र्यांच्या बागेत त्याने सहा पिल्लं पुरली. पाचांच्या पोटात आम्ही कधी पोहोचलोच नाही, सहाव्याच्या पोटात फार उशिरा पोहोचलो.