बुडाची खुरचण

"मले नाई जायचं नवोदयले. किती डाव सांगू?" जागृतीनं रिकामं ताट शाळेच्या स्वयंपाकखोलीतल्या ओट्यावर आदळलं आणि आईकडे पाठ करून बसली.

केळझरजवळच्या त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेची खिचडी शोभाबाई शिजवायची. नवोदयच्या निवासी शाळेसाठी परीक्षा देऊन निवड झालेल्या मोजक्या पोरांत तिची लेक होती. सोमवारी प्रवेशाची शेवटची तारीख, आणि ऐन वेळी पोरीचं घोडं अडलं होतं. सर समजावून थकले. बाप राकेश तर म्हणाला, "राहू दे नं. काऊन पोरीच्या मांगं लागून राह्यली?" पण गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढे बसच्या भानगडीत किती पोरींची शाळा सुटली ते शोभाबाईनं पाहिलं होतं; स्वतःची धरून.

"तेथं रांगेत पह्यली जेवशीन," ती म्हणाली. "इथल्यासारखी शेवटी नाई."

आपल्या पोरीला सगळ्यांत शेवटी वाढायचं, हा तिचा नियम. आपला तो बाब्या, असं गावानं म्हणायला नको. त्यामुळे पहिलीपासून जागृतीच्या वाट्याला गंजाच्या, म्हणजे खिचडीच्या मोठ्या पातेल्याच्या, बुडाला लागलेली खुरचणच यायची. याची रुखरुख शोभाबाईला रोज लागायची.

"मले शेवटीच पायजे," जागृती पुटपुटली. "तेथं खुरचण कोन देईन? अन् तुयाजवळ बसून कशी खाईन?"

शोभाबाईच्या हातातलं उलथनं थांबलं. जो इतकी वर्षं अन्याय वाटत होता, तो पोरीचा लाड निघाला! तिला इतकं भरून आलं, की 'नको जाऊ माय' म्हणायला तिनं तोंड उघडलंच होतं. मग मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रांग लागताच तिनं हाक मारली, "जागृती, समोर ये." वरची मऊ, पिवळीधमक खिचडी तिच्या ताटात पडली. शेवटी खुरचण गेली पहिलीतल्या पियुषच्या ताटात. जागृती बघतच राहिली. डोळे भरले, नाकाचा शेंडा लाल झाला.

"जातो मी!" ताट तसंच टाकून ती म्हणाली. "मंग देजो सगळी त्यालेच!"

"देतो," शोभाबाई म्हणाली आणि गंज घासायला वळली.

सोमवारी दोघं नवराबायको तिला पोचवायला गेले. वसतिगृहाच्या दाराशी जागृतीचा राग विरघळला. आईचा पदर धरून तिनं हळूच विचारलं, "सुट्टीत आल्यावर?"

"शेवटीच वाढीन," शोभाबाई म्हणाली.

मंगळवारी पोरं जेवून उठली. पियुषनं खुरचण पाहून तोंड वाकडं केलं. "नको काकू, कडू लागते."

शोभाबाईनं ती स्वतःच्या ताटात काढली. चुलीजवळ, पोरगी बसायची त्या जागेवर बसली आणि पहिल्यांदाच चाखली. खरंच करपलेली होती. चांगलीच कडू.

तिनं ताट पुसून खाल्लं.