सासुरवाडीची सहल

बायको गेली त्याला सहा महिने होऊन गेले, तरी चष्मेवाल्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. दुकान वेळेवर उघडायचं, गिऱ्हाइकाला अक्षरांच्या फळ्यासमोर बसवायचं, ‘आता बरं दिसतंय की मघाशी दिसत होतं?’ असं विचारायचं, सगळं ठाकठीक चाललं होतं. लोक म्हणत, माणूस मोठा धीराचा. धीर कसला! दाढेत इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला असून आपला वाटत नाही, तशी त्याची गत झाली होती.

शेवटी सासूबाईंचा फोन आला. दुकानात मदतनीस आहे ना, मग थोडे दिवस येऊन राहा, म्हणाल्या. नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून तो गेला.

सासुरवाडी समुद्राकाठच्या खेड्यात होती. डांबरी रस्ता त्यांच्या घराशीच संपायचा. सासरे हंगामात पाहुण्यांना गाडीत घालून आसपासची ठिकाणं दाखवत. गाव त्यांना कप्तान म्हणायचं. त्यांच्या सात पिढ्यांत कुणाची होडी नव्हती आणि त्यांना स्वतःला पोहताही येत नव्हतं. गाडीचा भोंगा तेवढा जहाजासारखा वाजायचा, त्यावरून नाव पडलं ते पडलं.

जावई आला, पण त्याचं करायचं काय हे कप्तानांना कळेना. दोघं समोरासमोर बसून हवेबद्दल बोलले. हवेबद्दल माणूस बोलून बोलून किती बोलणार? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी किल्ली उचलली आणि गाडीत मागे एक जागा रिकामी आहे, चला, म्हणाले.

आधी खाडीकाठची दलदल. चिखलात हजारो पक्षी चोची खुपसून उभे होते; भोंगा वाजला तसे सगळे एकदम उठले आणि पाहुण्यांनी आ वासला. मग कमरेत वाकून शिरायची गुहा, तिच्या तळाशी हिरवंगार पाणी. मग वाळूच्या टेकड्या. तिथे भलीभली माणसं लहान होऊन उतारावरून घसरली आणि केसांत वाळू घेऊन परतली. चष्मेवाल्याची नजर उत्तम होती, दूरची आणि जवळचीही. दिसत सगळं होतं, आत पोचत काही नव्हतं.

सगळ्यात शेवटी उसळीचा खडक. या खडकाला मधोमध भोक होतं. भरतीचं पाणी खालून घुसलं की धाडकन आवाज व्हायचा आणि भोकातून दोन पुरुष उंच उसळी यायची. कप्तान कठड्याला टेकून सांगू लागले, “माझी मुलगी सात वर्षांची असताना तिने यात सँडल टाकली. समुद्राने ती वर फेकून दिली. मग हिने दुसरी टाकली, ती काही आली नाही. विचारलं तर म्हणते कशी, त्यालाही एक पाय असेल की!”

पाहुणे हसले. कप्तानही हसले आणि पुढे म्हणाले, “आता शहरात असते. जावई डोळे तपासतो. बरं चाललंय दोघांचं.”

जावई हातभर अंतरावर उभा होता. आपल्याला धक्का बसायला हवा, असं त्याच्या मनात आलं. बस येईल म्हणून थांबावं तसा तो थांबला. काही आलं नाही. परतीच्या वाटेवर कप्तानांनी त्याच्याकडे एकदा आरशातून पाहिलं, मग नाही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मुलीला नवं घर मिळालं होतं, चौथ्या दिवशी ती सुट्टीला यायची होती. खोट्याला टेकू लावावेच लागतात.

त्या संध्याकाळी सासूबाई भांडी विसळत होत्या. चष्मेवाल्याने ती पुसायला घेतली आणि खडकापाशी काय चालतं ते सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. त्यांना माहीत होतं. वाटेवरच्या चहावालीने कधीच कानावर घातलं होतं.

“घरात तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत,” त्या म्हणाल्या. “तिथे तरी बोलतात. मी कशाला अडवू? पण तुम्हाला लागत असेल तर सांगा. बंद करायला लावते.”

“मला काही लागत नाही, आई,” तो म्हणाला, आणि ते अक्षरशः खरं होतं.

शनिवारी गाडी भरलेली होती. भरती मोठी होती आणि उसळीचे तुषार थेट कठड्यापर्यंत येत होते. कप्तानांनी सँडलची गोष्ट सांगितली. लोक हसले. लेकराला कडेवर घेतलेली एक बाई पुढे आली आणि तिने साधेपणाने विचारलं, “नाव काय हो तुमच्या मुलीचं?”

कप्तानांनी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. खालून पाणी धडकलं, वर उसळलं, सगळ्यांच्या अंगावर पडून गेलं, तरी त्यांच्या तोंडून नाव निघेना. बाई अवघडली. लोक इकडेतिकडे बघू लागले.

तेव्हा चष्मेवाला पुढे झाला आणि त्याने नाव सांगितलं. एके काळी स्वयंपाकघराच्या दिशेने उठता बसता मारलेली ती हाक होती. सहा महिन्यांत एकदाही उच्चारली नव्हती. आवाज कापला नाही. सगळे आपल्याकडेच बघताहेत म्हटल्यावर त्याने गोष्ट पुढे नेली. एका पायात सँडल, एक पाय अनवाणी, अशी ती घरापर्यंत चालेना. मग बाबांनी तिला खांद्यावर बसवून आणलं.

“तुम्ही कोण?” बाईने विचारलं.

“मी जावई.”

“अगंबाई! मग ती नाही आली?”

“नाही,” तो म्हणाला. “ती नाही येणार.”

बाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा कप्तानांकडे. मग लेकराचं टोपडं नीट करत ती गाडीकडे वळली.

पाहुण्यांना उतरवल्यावर दोघं अंगणात गाडीतच बसून राहिले. कप्तानांचे हात स्टिअरिंगच्या चाकावर होते. ते म्हणाले, “आज सांगून टाकू, असं रोज सकाळी ठरवतो. खडक आला की तोंडातून तेच निघतं.”

चष्मेवाल्याने मान हलवली.

“खांद्यावरचं तुम्हाला तिने सांगितलं?”

“हो.”

“आणि त्याआधी मी तिला थोबाडीत मारली होती. भीतीने मारली, ती भोकाच्या अगदी काठावर गेली होती. त्याचं काही बोलली कधी?”

बोलली होती. गालावर हात ठेवून, कप्तानांचा चेहरा करून, हसत हसत, निदान चारदा.

“नाही,” चष्मेवाला म्हणाला. “खांद्यावरचं तेवढं सांगायची.”

कप्तानांनी चाकावर डोकं टेकलं. त्यांची पाठ हलू लागली. चष्मेवाल्याने त्या पाठीवर हात ठेवला. सदरा तुषारांनी अजून ओला होता. आपल्यालाही आता रडू येईल, असं त्याला वाटलं, पण नाही आलं. हात मात्र त्याने काढला नाही.

“आता तिथे काय सांगू लोकांना?” कप्तानांनी नाक पुसत विचारलं.

“सँडलचं सांगा, बाबा. शहराचं सोडून द्या.”

कप्तानांनी तसंच केलं. लोकांना काही कमी पडलं नाही. ज्याने विचारलं त्याला मुलगी गेली म्हणून सांगितलं, आणि विचारणारे फार थोडे निघाले.

चष्मेवाला सोमवारी परतला. दुकान पूर्वीसारखंच चालू आहे आणि रडू अजूनही आलेलं नाही. रविवारी तो फोन करतो. सासूबाई चार शब्द बोलून फोन कप्तानांकडे देतात. पक्षी किती आले, पाहुणे किती, असं काहीबाही चालतं. परवा म्हणे टेकडीची वाळू सरकून रस्त्यावर आली, दोन दिवस गाडी निघालीच नाही. कप्तानांनी फावडं घेतलं तर सासूबाईंनी ‘कंबर धरेल’ म्हणत हिसकावून घेतलं.