परका कशाला झाकेल?

गुन्हेगाराचं मन ओळखणं हा बाईंचा धंदा, आणि त्या धंद्याचा त्यांना आता मनापासून वीट आला होता. पोलीस बोलावत, बाई खोली बघत आणि कोणी केलं असेल त्याचा अंदाज बांधत. या वेळी एक म्हातारी स्वयंपाकघरात मारली गेली होती. तोंडावर चादर.

जांभई आवरत बाई म्हणाल्या होत्या, "चेहरा झाकलाय. परका कशाला झाकेल? घरच्याचंच काम. तिच्याकडे बघवेना त्याला."

घरचा म्हणजे एकुलता एक मुलगा. झालं, उचलला त्याला! आणि चादरीची गोष्ट गल्लीभर झाली.

आज फोटो पुन्हा चाळताना बाई थबकल्या. म्हातारीच्या कपाळावर एवढं रक्त, आणि चादर कोरी! म्हणजे रक्त वाळल्यावर टाकलेली. सगळ्यांत आधी पोचलेल्या हवालदाराला त्यांनी बोलावून घेतलं.

"चादर कोणी टाकली?"

"मीच की, बाई. आईच्या वयाची ती. बघवेना. फोटोवाले नंतर आले."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही!"

खरंच होतं. शंभर खुनांत असं घडलं, म्हणून इथेही तसंच, असं ठोकून द्यायची सवयच लागली होती. या खोलीत काय घडलं, ते विचारायचा कंटाळा. कर्म माझं, बाई पुटपुटल्या.

साहेबांकडे दुसरा पुरावा नव्हताच. संध्याकाळी मुलगा सुटला. बाई ठाण्याच्या दाराशीच उभ्या होत्या.

"आईला स्मशानात पोचवलं कोणी?" त्याने विचारलं.

"तुझ्या मावशीने."

"गल्लीत काय म्हणतात?"

खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "तूच मारलंस म्हणतात. माझ्यामुळे."

"मग तुम्हीच सांगा त्यांना. माझं कोण ऐकणार? मला त्याच घरात राहायचंय."

बाईंचे गुडघे ठणकत होते, पण लाज त्याहून जास्त. त्या त्याच्याबरोबर गेल्या. शेजारणीला त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. चादर हवालदाराने टाकली, चूक माझी, पोरगा निर्दोष. शेजारणीने ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग जिन्यात उभ्या असलेल्या मुलाकडे बघून आवाज खाली आणला.

"तुम्ही भल्या आहात हो, ताई. हवालदार काय, काहीही म्हणेल. पण चेहरा झाकला होता ना? परका कशाला झाकेल?"