निळा सेल

पियूष चोरून ओढतो हे मोरेश्वरांना आयर्लंडमध्ये, ॲथलोनला मुलाकडे आल्यापासून तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. ओढतो म्हणजे तरी काय, विडीसिगारेटचं सरळ प्रकरण नव्हतं ते. व्हेप की काय म्हणतात तसली एक पितळी नळी. रात्रीची जेवणं संध्याकाळीच उरकायची, आणि ती उरकली की पियूष म्हणायचा, "बाबा, जरा बिन्स बाहेर ठेवून येतो." दहा मिनिटांनी परत यायचा तो अंगाला आंब्याचा वास घेऊन. कचऱ्याची गाडी तिथे आठवड्यातून एकदा येते. पण बाप विचारत नव्हता आणि मुलगा सांगत नव्हता. चाळिशीला टेकलेला, चांगल्या हुद्द्यावरचा इंजिनिअर अजून बापासमोर ओढत नाही, एवढी मर्यादा शिल्लक होती आणि ती मोडायची मोरेश्वरांची इच्छा नव्हती. खरं सांगायचं तर तेवढं त्राणही नव्हतं. वय एकाहत्तर, बायको जाऊन चार वर्षं झालेली, आणि इथे अडीच महिने तीच भुरभुर, तेच करडं आभाळ. मुलगा-सून बहुतेक दिवस सकाळी आठला बाहेर पडायची, मग माणसाने रेडिएटरकडे बघत बसायचं. त्यात आणखी कुणाला काय विचारा!

त्या मंगळवारी पियूष घरूनच काम करत होता, वरच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. मोरेश्वर दूध आणायला निघाले. स्वतःचा कोट ओला होता म्हणून त्यांनी खुंटीवरचा पियूषचा कोट चढवला आणि खिशात हात घातला. किल्ल्या, सुटी नाणी, ती जड नळी, आणि किल्ल्यांमध्येच लोळणारा एक सुटा सेल. बोटाएवढा जाड, हिरव्या प्लॅस्टिकचा, आणि ते प्लॅस्टिक एका बाजूने फाटून आतला पत्रा उघडा पडलेला.

मोरेश्वर चौतीस वर्षं वायरमन होते. फाटकं आवरण दिसलं की त्यांना बरोबरचे थोरले वायरमन चंद्रहास तात्या आठवायचे. लाईनवर काम करताना तात्यांचा उजवा हात कोपरापासून गेला होता. मोरेश्वर दारातच थांबले आणि त्यांनी नळी उघडून पाहिली. आत तसलाच दुसरा सेल, हिरवाच, पण धड. खाली बटण. बास. ना फ्यूज, ना कसला बंदोबस्त. शॉर्ट झालं की सेल तापून सरळ हातात फुटायचा. एवढा शिकलेला मुलगा आणि खिशात हे घेऊन हिंडतो! त्यांना संताप आला आणि मागोमाग थकवा आला. वर जाऊन बोलायचं, म्हणजे तो खाली मान घालणार, सून मध्ये पडणार, आणि उरलेले दहा दिवस घरात कुणी कुणाकडे बघणार नाही. नकोच ते.

त्यापेक्षा गुपचूप काम करून टाकावं.

नदीपलीकडे व्हेपचं दुकान होतं. कानटोपी घातलेला म्हातारा आत आलेला बघून काउंटरवरची बाई हसली नाही, एवढं बरं केलं. त्यांनी सेल दाखवला. तिने तो उलटसुलट करून कुठे चेपलाय का ते पाहिलं, चेपला असता तर फेकायलाच लागला असता म्हणाली, आणि निळ्या प्लॅस्टिकचं आवरण नि सेल ठेवायला एक छोटी डबी दिली. गरम हवा दिली की आवरण आपोआप घट्ट बसतं. "यू'ल बी ग्रँड," म्हणाली, म्हणजे काही काळजी नको.

घरी येऊन मोरेश्वरांनी जुनं आवरण सोलून काढलं आणि सुनेच्या, निहारिकाच्या, हेअर ड्रायरने निळं चढवलं. हात अजून थरथरत नाही याचा त्यांना थोडा अभिमान वाटला. सेल डबीत, डबी कोटात, कोट खुंटीवर. फार दिवसांनी त्यांना दुपारी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी, घर रिकामं झाल्यावर, ते स्वयंपाकघरातला कचरा आवरायला बसले. हिरवं सोललेलं आवरण हाताला लागलं. त्याच्या आत, कडेला चिकटून, कागदाची एक पांढरी चकती होती. मधोमध भोक असलेली.

ही चकती सेलच्या डोक्यावर बसते. मधलं टोक आणि भोवतालची पत्र्याची कड, दोन्हींमध्ये केसभर अंतर, दोन्ही जोडली गेली की शॉर्ट, आणि त्यांना वेगळं ठेवायला एवढीच काय ती चकती. ती त्यांनी सोलून कचऱ्यात टाकली होती. चौतीस वर्षांत जी चूक एखाद्या शिकाऊ पोराला माफ केली नाही, ती त्यांनी स्वतःच्या मुलाच्या खिशात नेऊन ठेवली होती. वर जाऊन तोंडाने विचारलं असतं तर दोघांनी मिळून नीट पाहिलं असतं.

पियूषने फोन उचलला नाही. मोरेश्वरांनी सात वेळा लावला. लंचच्या सुमाराला त्याचाच आला.

"बाबा, काय झालं? पडलात का?"

"मी धड आहे. तुझ्या त्या नळीत आत्ता कुठला सेल आहे?"

फोनमधून नुसता वारा ऐकू आला. "कसली नळी, बाबा?"

"पियूष, ही वेळ नव्हे. हिरवा की निळा?"

"निळा." आवाज एकदम खाली आला. "आत्ताच बदलला. हातातच आहे."

"बटण दाबलंस?"

"अजून नाही."

"दाबू नकोस. गरम लागते का?"

"जराशी."

"खालचं झाकण फिरव, सेल बाहेर काढून सिमेंटवर ठेव आणि लांब हो. चटका बसला तर नळी तशीच टाकून दे. पितळेचं मेलं काय ते, जाऊ दे."

धातूवर धातू घासल्याचा आवाज झाला. मोरेश्वरांनी ओट्याची कड धरून ठेवली होती.

"ठेवला," पियूष म्हणाला. "लांब आलोय."

मोरेश्वर खुर्चीत बसले.

"ती डबी तुम्ही ठेवलीत? मला वाटलं निहारिकाने. तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"चंद्रहास तात्यांचा हात गेला ते तुला माहीत आहे."

"हो. ॲक्सिडेंट झाला होता."

"त्यांच्या हातमोज्याला भोक होतं. खांबावर चढायच्या आधी मला ते दिसलं होतं." हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. "तात्या मोठे, मी बावीस वर्षांचा. मोठ्या माणसाला कसं सांगायचं, म्हणून गप्प बसलो. पुढे तीस वर्षं ते मला दिवाळीला फराळ पाठवत राहिले. मला दिसलं होतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं."

मोरेश्वरांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"सोडशील तेव्हा सोड. त्यावर आज मी बोलत नाही. पण गप्प राहून राहून दमलो रे मी."

संध्याकाळी पियूष आला तो कोट न काढताच टेबलाशी बसला. नळी, हिरवा सेल, निळा सेल, सगळं त्याने बापासमोर मांडलं. मोरेश्वरांनी दुपारी दुकानातून आणलेलं दुसरं आवरण आणि नवी चकती त्याला दिली, आणि कशी बसवायची ते न सांगता नुसतं बघत राहिले. त्याने निळं आवरण सोलून चकती बसवली. वरून नवं आवरण चढवलं. मोरेश्वरांनी चष्मा लावून सेल दोनदा फिरवून पाहिला आणि परत दिला.

जेवण झालं. पियूष सवयीने उठला.

"बाबा, जरा बिन्स..." म्हणाला आणि थांबला. निहारिका ताटलीकडे बघत राहिली.

"ओढून येतो," तो म्हणाला.

मोरेश्वरांनी मान हलवली. "कानटोपी घाल," ते म्हणाले. "बाहेर वारा आहे."