पोर्टलंडचे सात दिवस

हरीशला अमेरिकेतलं पोर्टलंडच का बघायचं होतं, ते मंजिरीला कधी कळलं नाही. नायगारा नको, न्यूयॉर्क नको. त्याने कुठेतरी वाचलं होतं की तिथे रस्त्याच्या मधोमध जेमतेम दोन फुटांचा एक बगीचा आहे, महापालिकेने रीतसर मान्य केलेला, जगातला सगळ्यात छोटा. "हे असलं बघायचं राहून गेलं तर काय उपयोग?" असं तो चहा पिता पिता म्हणाला आणि मंजिरी उठून आत गेली. राहून जाणं हा आता त्यांच्या घरात थट्टेचा शब्द उरला नव्हता.

हरीशला फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. आयुष्यात कधी सिगरेट न ओढलेला माणूस. नव्या गोळ्यांनी आजाराला थोडा उतार पडला होता आणि ऑन्कॉलॉजिस्ट बाईंनी सांगितलं होतं, जायचं तर सप्टेंबरमध्येच जा. मंजिरीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झाले होते. मग शशिधर म्हणाला, मी जातो त्याच्याबरोबर.

शशिधर आणि हरीश तीस वर्षांपूर्वी एकाच महिन्यात इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला आले. शशिधर रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे तपासणारा डॉक्टर, आणि हरीश इंजिनिअर. दोघांची घरं चालत सात मिनिटांवर. गणपतीला मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडण्यापासून मुलांच्या शाळेच्या अर्जांपर्यंत सगळं बरोबर केलेलं. निघायच्या दिवशी मंजिरी कुबडी टेकत दारापर्यंत आली. "भावजी, तुम्ही आहात म्हणून मी सोडतेय हं," ती म्हणाली. शशिधरने मान हलवली आणि बॅगा गाडीत टाकल्या.

पहिले तीन दिवस चांगले गेले. हरीश लहान मुलासारखा खूश होता. दोन फुटांच्या बगीच्यापाशी ट्रॅफिक थांबेपर्यंत दोघे उभे राहिले, मग हरीश मधल्या पट्टीवर जाऊन वाकून नमस्कार करून आला. फुटपाथच्या कडेला घोडे बांधायच्या जुन्या लोखंडी कड्या होत्या आणि लोकांनी त्या कड्यांना प्लॅस्टिकचे बोटभर घोडे बांधून ठेवले होते. कुणी एकाच्या पुढ्यात चिमूटभर गवतही ठेवलं होतं. काही घरांच्या कुंपणाला काचेच्या पेट्या होत्या, आत रोज नवी कविता, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाचावी म्हणून. एक बाई बकरीला पट्टा लावून फिरवत होती. पुढच्याच वळणावर तंबूंची रांग लागली. तंबूतला एक म्हातारा उघड्या, सुजलेल्या पायांनी रस्त्याकडे बघत बसला होता. हरीश त्याच्याशी पाच मिनिटं बोलला आणि परत येताना खोकत खोकत म्हणाला, "शशी, हा माणूस माझ्याहून जास्त जगेल. पण मला त्याचा हेवा वाटत नाही, बघ."

शशिधर तसाच पुढे चालू लागला. त्याला रात्रीची झोप नव्हती. घरीही नव्हती, गेले दहा महिने.

चौथ्या दिवशी त्यांनी गाडी घेतली आणि नदीकाठच्या धबधब्यांकडे निघाले. मोठी, रुंद, शिशाच्या रंगाची नदी आणि बाजूला सरळ उभे कडे. काही वर्षांपूर्वी तिथे वणवा लागला होता. खाली नेचे आणि शेवाळं पुन्हा हिरवंगार झालं होतं, पण वर डोंगरभर जळालेल्या झाडांचे काळे खांब तसेच उभे होते. हरीशला चढ झेपत नव्हता. दर वीस पावलांवर तो थांबायचा. धबधब्याच्या अलीकडे एक बाक होता तिथे ते बसले.

"एक सांगू?" हरीश म्हणाला. "मंजू रोज स्वतःला दोष देते. मी खोकत होतो तेव्हा मला पुन्हा डॉक्टरकडे, जीपीकडे, ढकलायला हवं होतं, म्हणते. मी तिला म्हणतो, अगं, चूक माझी आहे. एकदा एक्स-रे काढला, क्लीन आला, शशीने स्वतः फोन करून सांगितलं. त्यानंतर खोकला पुन्हा आला तर पुन्हा जायला नको? मीच गाढव."

पाण्याचा आवाज इतका होता की ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. शशिधरने तसं दाखवलं नाही.

"तो क्लीन नव्हता," तो म्हणाला.

"काय?"

"एक्स-रे. क्लीन नव्हता, हरीश. डावीकडे, हृदयाच्या सावलीमागे, दीड सेंटिमीटरचा डाग होता. ती जागा फसवी असते. शुक्रवार होता, समोर ऐंशी फिल्म्स होत्या. पण हे सांगून उपयोग नाही. मी बघितला नाही."

हरीश पूर्ण त्याच्याकडे वळला. त्याच्या ओठांवर पाण्याचे तुषार होते.

"तुला कधी कळलं?"

"तुझं निदान झालं त्याच रात्री. मी जुनी फिल्म उघडून बघितली. उघडायला नको होती, नियमात बसत नाही, तरी बघितली. नंतर माहीत असलं की तो डाग पोरालाही दिसेल."

"दहा महिने."

"हो."

"तेव्हा सापडला असता तर?"

शशिधरने तीस वर्षं लोकांना असली उत्तरं दिली होती, गोल, सांभाळून. आत्ता त्याला तसं बोलता येईना. "तेव्हा ऑपरेशन झालं असतं. बहुतेक वाचला असतास."

खालून एक जोडपं आलं. बाईने हसून विचारलं, तुमच्या दोघांचा फोटो काढू का? हरीशने फोन तिच्या हातात दिला. दोघे शेजारी शेजारी उभे राहिले. फोटो निघाला, जोडपं पुढे गेलं, आणि हरीश बाकावर न बसता काठी टेकत खाली उतरू लागला. शशिधर मागे धावला, त्याने दंडाला हात लावला. हरीशने हात झटकला नाही. तो थांबला आणि हात निघेपर्यंत उभा राहिला. मग पुन्हा चालू लागला.

गाडीत बसल्यावर तो बोलला. आवाज चढवला नाही. "हे तू घरी सांगायचंस. नाहीतर कधीच सांगायचं नव्हतंस. माझ्याकडे सात दिवस होते, शशी. फक्त सात, ज्यात मी आजारी नव्हतो. त्यातले उरलेले तीन तू आत्ता खाऊन टाकलेस."

"तू स्वतःला दोष देत होतास, मला ते..."

"मला चाललं असतं ते. माझं मला चालत होतं." पाऊस लागला होता, शशिधरने वायपर सुरू केले तेव्हा हरीश पुन्हा बोलला. "मंजूला सांगायचं नाही. कधीच नाही. माझ्यामागे तिला तू आणि अलका, तुम्ही दोघंच आहात. मुलगा आहे, पण वेद लांब रीडिंग शहरात, त्याची नोकरी, त्याचं घर. ती कुणाला हाक मारणार? तुझं ओझं तूच वाहा."

"हरीश, मला माफ..."

"नको. ते मागू नकोस."

उरलेले तीन दिवस दोघे ठरल्याप्रमाणे फिरले. तिकिटं काढलेली होती, आणि हरीशला मंजिरीला रोज फोटो पाठवायचे होते. बर्फाचा डोंगर बघितला. संध्याकाळी एका शाळेच्या मैदानावर गेले. तिथे सप्टेंबरमध्ये हजारो पाकोळ्या, चिमणीएवढे पक्षी, शाळेच्या जुन्या धुराड्यात झोपायला येतात आणि अख्खं गाव चादरी अंथरून, खाऊ घेऊन ते बघायला जमतं. पाकोळ्या काळ्या धुरासारख्या गोल गोल फिरू लागल्या. एक ससाणा आला, एकीला उचलून गेला. लोक ओरडले, पोरं रडली, मग उरलेल्या सगळ्या धुराड्यात उतरल्या तेव्हा टाळ्या वाजल्या. एरवी हरीश अशा वेळी शंभर गोष्टी बोलला असता. तो कोट गळ्यापर्यंत ओढून धुराड्याकडे बघत बसला. शशिधरने थर्मासमधला चहा पुढे केला. त्याने घेतला. थँक्स म्हणाला, परक्याला म्हणावं तसं.

नॉटिंगहॅमला परतल्यावर गोळ्या लागू पडेनाशा झाल्या. नोव्हेंबरात पाण्याने फुप्फुस भरलं, जानेवारीत हरीशला शेवटच्या दिवसांसाठी हॉस्पिसमध्ये हलवलं. शशिधर रोज जायचा, कारण न जाणं मंजिरीला विचित्र वाटलं असतं. मंजिरी खोलीत असली की हरीश त्याच्याशी बोलायचा, हवापाण्याचं, क्रिकेटचं. ती कॉफी आणायला गेली की भिंतीकडे तोंड करायचा. एकदा शशिधरने त्याची उशी सारखी केली, तेव्हा तो डोळे मिटूनच म्हणाला, "राहू दे. नर्स करेल." त्यानंतर त्यांचं एकांतात बोलणं झालं नाही. फेब्रुवारीच्या नऊ तारखेला तो गेला.

क्रेमॅटोरियममध्ये मंजिरीने शशिधरला पुढच्या रांगेत, आपल्या शेजारी बसवलं. "हे माझ्या सख्ख्या दिरासारखे," ती हरीशच्या ऑफिसातल्या लोकांना सांगत होती. "शेवटची ट्रिप यांनीच घडवली. फोटोत किती आनंदी दिसतोय बघा." शशिधर मान खाली घालून उभा होता, आणि लोकांना ते दुःख वाटलं. तेही होतंच.

तेराव्या दिवशी घरी जेवण होतं. माणसं पांगली, शशिधरची बायको अलका मंजिरीजवळ आत बसली, आणि शशिधर किचनमध्ये भांडी विसळत होता. हरीशचा मुलगा वेद टॉवेल घेऊन शेजारी उभा राहिला. बत्तीस वर्षांचा, बापासारखाच उंच, पण इथेच वाढल्यामुळे मराठी मोडकंतोडकं.

"काका, एक विचारू? तुम्ही डॉक्टर आहात, यू वुड नो."

"विचार."

"आई रोज रात्री रडते. ती म्हणते, मी बाबाला परत जीपीकडे पाठवली नाही म्हणून हे झाली. इज इट ट्रू? आधी कळला असता तर काही डिफरन्स पडला असता?"

नळ चालू होता. शशिधरने तो बंद केला. डाव्या हातात ग्लास होता, तो त्याने जपून रॅकवर ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "काही फरक पडला नसता."

"शुअर?"

"शुअर. हा आजारच तसा असतो. कुणाचीच चूक नाही. आईला सांग, मी सांगितलं म्हणून."

वेदने ओल्या टॉवेलसकट त्याला मिठी मारली. मग तो आत गेला. शशिधर सिंकपाशीच थांबला. दार अर्धं उघडं होतं. वेद आईला इंग्रजीत काहीतरी सांगत होता, आणि मग मंजिरीचा आवाज आला, सुटकेने फुटलेला, रडण्यातच पुन्हा पुन्हा विचारणारा: "भावजी म्हणाले? खरंच भावजी म्हणाले?"